बाच्या रॉकेटला चाकं होती

माझ्या बानं रॉकेटला चाकं लावली होती. चांगली सागवानी चाकं, घासून गुळगुळीत केलेली, लोखंडी सळईवर गरगर फिरणारी. ही गोष्ट सांगितली की लोक पोट धरून हसतात आणि मला राग येतो. हसायचा हक्क माझा एकट्याचा आहे, कारण ती चाकं पाहून पहिल्यांदा डोक्याला हात लावला तो मी.

आमचं गाव जाम गावच्या चौरस्त्यापासून बरंच आत, काळ्या मातीत. मी तेव्हा हिंगणघाटच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून नुकताच चिकटलो होतो. आठवडाभर तिथे खोली करून राहायचो आणि शनिवारी शाळा सुटली की सायकल हाणत घरी यायचो. पावसाळ्यात ती माती चाकांना अशी चिकटायची की शेवटच्या टप्प्यात मी सायकलवर नसायचो, सायकल माझ्या खांद्यावर असायची. वस्तीतली पोरं रस्त्यापर्यंत न्यायला यायची. मास्तर आला याचं त्यांना काही नव्हतं, सायकलचा चिखल काढायला मिळायचा याचं होतं.

बा शेतमजूर. दिवसभर दुसऱ्याच्या कपाशीत राबायचा. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते लाकडी बैलांमुळे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो पोरांचा. पोळ्याला खरे बैल मिरवतात, तान्ह्या पोळ्याला लाकडाचे. पाटीवर उभा केलेला बैल, पाटीला चार चाकं आणि पुढे ओढायला दोरी. पोरं नवे कपडे घालून आपापला बैल ओढत घरोघर जातात. बायका बैलाच्या पायांवर पाणी घालतात, त्याला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. पोरांचा सगळा जीव त्या बोजाऱ्यात.

बाला सुतारकी कोणी शिकवली नव्हती. लाकूड तासायला एक वाकस, कोरायला एक पटाशी आणि एक झिजलेली कानस एवढ्यावर त्याचं भागायचं. त्याच्या बैलाची मान नेहमी एका अंगाला किंचित वळलेली असायची, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखी. "मान सरळ ठेवली का जनावर मेल्यावानी दिसते," असं तो म्हणायचा. गावातल्या बहुतेक घरांत त्याचा बैल होता. बैल थेट देवघरापर्यंत जायचा आणि बा ओट्याच्या खाली उभा राहायचा. लहानपणी मला त्यात काही वावगं दिसायचं नाही. दिसायला लागलं तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं ते आजतागायत फिरलेलंच आहे.

छप्पन साली दसऱ्याला आमची सगळी वस्ती पांढरे कपडे घालून नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. घराघरातले जुने देव निघाले. पोळा करायचा नाही, असंही वस्तीत ठरलं. ठरवणाऱ्यांत पुढे होते ते आमचे काका. सख्खे नव्हेत, वस्तीचे पंच, सगळेच त्यांना काका म्हणायचे. मी त्या निर्णयाच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. बाला तर कोणी काही सांगावंही लागलं नाही. ज्याची लोक पूजा करतात ते आता आपल्या हातून होणार नाही, असं म्हणून त्यानं हत्यारं पोत्यात गुंडाळली आणि पोतं खुंटीला टांगलं. गावातून कोणी बैल मागायला आलं की तो शांतपणे सांगायचा, सुताराकडून करून घ्या.

बाचं मन पक्कं होतं, पण हातांना ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी कामावरून आला की ते हात काही ना काही चिवडत बसायचे. खाटेची सुतळी उसवायची, भिंतीचा पोपडा काढायचा, दाराच्या चौकटीवर नखानं रेघा मारायच्या. माय ओरडायची, "आता काय घर खाता का?" बा हात मांड्यांखाली दाबून बसायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा सुतळीला लागायचा. मला त्याची दया यायची आणि दया आली की मी चिडायचो, अशी माझी तऱ्हा.

पुढच्या वर्षीचा तान्हा पोळा आला. मी घरीच होतो. गावातून डफड्याचा आवाज येत होता आणि आमच्या वस्तीतली पोरं ओट्यांवर गप्प बसली होती. दुपारी पाहतो तर माझी धाकटी बहीण, आठेक वर्षांची, विटेला सुतळी बांधून ती अंगणात ओढते आहे. मागून बाकीची पोरं आपापल्या विटा घेऊन. चिखलात विटांच्या रेघाच रेघा. बोजारा मागायला कोणाच्या दारात जावं हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून नुसतीच गोल गोल फिरत होती. बानं ते पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि शेताकडे निघून गेला. शेतात त्या दिवशी काही काम नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला रशियानं कृत्रिम चंद्र आकाशात सोडला. आमच्या शाळेत दुसरा विषय नाही. भूगोलाचे मास्तर रोज गच्चीवर जाऊन तो शोधायचे आणि रोज वेगवेगळा तारा दाखवायचे. मी नागपूरच्या एका वाचनालयात गेलो होतो तेव्हा एका परदेशी सचित्र मासिकात पाहिलं, तिकडची पोरं कागदाच्या नळ्या गुंडाळून लहान रॉकेटं उडवत होती. हातभर लांब, टोकाला लाकडी नाक, शेपटीला पुठ्ठ्याचे पंख. चित्र पाहता पाहता मला त्या विटा आठवल्या आणि माझं ठरलं. पुढच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या वस्तीतून बैल निघणार नाही, रॉकेट निघेल.

बहिणीला सांगितलं. तिनं सरळ मुद्द्याला हात घातला.

"ते ओढाचं कुठून?"

"ओढाचं नाई. उडवाचं. वर आभाळात जाते."

"मंग त्याले चाकं नाई?"

"नाई."

"मंग काय मजा?" असं म्हणून ती खेळायला गेली.

आषाढ लागल्यावर मी बाकडे विषय काढला. तो खाटेची सुतळी उसवत होता.

"बा, मले एक लाकडाचं नाक पाह्यजे. पेरूएवढं, टोकदार."

"कायले?"

"बाणाले. मोठ्या बाणाले. तान्ह्या पोळ्याले उडवू, पोट्ट्यांसाठी."

"पुजाचं हाय का ते?"

"नाई."

"ओवाळाचं?"

"नाई बा. नुसतं उडवाचं."

त्यानं सुतळी सोडली. नजर खुंटीवरच्या पोत्यावर गेली. माय चुलीपाशी होती, तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला. मग बा उठला, पोतं काढलं आणि वाकस अंगठ्यावर फिरवून धार पाहिली. मला एवढा आनंद झाला की तो लपवायला मी बहिणीवर उगाच खेकसलो.

बातमी वस्तीत पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळीच काका काठी टेकत आले.

"मास्तर, याले हळद-कुंकू लागते का?"

"नाई काका."

"नारळ?"

"नाई."

"उडून जाते म्हणता, मंग ठेवाचंही नाई घरात." त्यांनी थोडा विचार केला. "चालू द्या मंग. घरात राहत नाई ते देव होत नाई."

रॉकेटचं चित्र काढून, नाकाचं माप बाला देऊन मी हिंगणघाटला गेलो. तिथे लग्नाच्या वरातींसाठी शोभेची दारू करणारे एक चाचा होते. त्यांनी मला दारूला हातसुद्धा लावू दिला नाही. ठासून भरलेले काही लहान नळे स्वतःच करून दिले आणि म्हणाले, "मास्तरजी, बच्चों को दूर रखना. और आप भी दूर रहना. आप तो बारूद से भी जल्दी भड़कते हो." एकदा वरातीच्या बाणांवरून आमचं जोरदार वाजलं होतं, ते चाचा विसरले नव्हते.

पुढच्या शनिवारी मी नळे घेऊन घरी आलो. पोरं रस्त्यावर आली नव्हती. सगळी आमच्या अंगणात गोळा झाली होती. मधोमध बा बसलेला, कपाळावर भुसा, आणि समोर रॉकेट.

अख्खं रॉकेट. मी नाक मागितलं होतं, त्यानं सबंध रॉकेट कोरलं होतं, आंब्याच्या लाकडाचं, मांडीएवढं जाड, नळा बसवायला मागून पोखरलेलं. खाली पाटी, पाटीला सागवानी चाकं, पुढे ओढायला दोरी. आणि त्या रॉकेटचं नाक एका अंगाला किंचित वळलेलं होतं, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखं.

मी सायकल तशीच आडवी टाकली.

"बा, हे काय करून ठेवलं?"

"रॉकेट."

"मी एवढंसं नाक सांगतलं होतं!"

"नुसतं नाक काय करतं? नाकाले धड नको?"

"अन् चाकं काऊन?"

"पोट्टे ओढतीन कसे?"

"अन् मान? मान काऊन वळवली? हे काय जनावर हाय?"

"सरळ ठेवलं त मेल्यावानी दिसत होतं," बा म्हणाला आणि पटाशी पुसायला लागला.

मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो माय पाणी घेऊन येईपर्यंत थांबला नाही. वजन म्हणजे काय, जोर म्हणजे काय, वाकड्या नाकानं काय होतं, सगळं सांगितलं. पोरांना माझं भाषण नेहमीचंच, ती तोवर रॉकेट ओढत एक फेरी मारून आली. बानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उडवून त पाह्य."

दुसऱ्या दिवशी नाल्याकाठच्या पडीक जागेत आम्ही ते नेलं. पोरांना मी लांब बांधावर बसवलं. नळा बसवला, कपाशीच्या लांब वाळक्या पऱ्हाटीच्या टोकाला चिंधी गुंडाळून पेटवली आणि ती दुरूनच वातीला लावली. फुस्स झालं, धूर झाला, आणि बाचं रॉकेट जमिनीवरून तसूभरही न उठता पळत सुटलं. चाकं अशी सुरेख बसवलेली की बैलगाडीच्या चाकोरीतून ते तिरासारखं निघालं. पोरं बांधावरून उड्या मारून मागे. मी ओरडतो आहे, माझं कोण ऐकतो! पुढे चाकोरी वळली, रॉकेटही वळलं, आणि म्हशीच्या डबक्यात जाऊन सुरसुरत विझलं. डबक्यात बसलेली म्हैस उठलीसुद्धा नाही.

पोरं आनंदानं वेडी झाली. असा आपोआप पळणारा बैल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बा गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "मान वळवली म्हणून वळलं पाह्य कसं," असंही वर म्हणाला. चाकोरीमुळे वळलं हे मी त्याला पटवून द्यायला गेलो, पण मलाही हसू फुटलं होतं. दोन वर्षांत त्याला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

घरी येईपर्यंत मात्र त्याचं हसू मावळलं. रॉकेटचा चिखल पुसत तो बराच वेळ बसला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तान्ह्या पोळ्याले सारं गाव पाहून राह्यलं असन. त्या दिवशी हे असं डबक्यात गेलं त पोट्ट्यांचं हसं होईन. म्हणतीन, पोळाही सोडला अन् हेही नाई जमलं. सांगून ठेवतो तुले, उडालं नाई त मी पुन्हा हत्याराले हात लावणार नाई."

एवढं बोलून तो पुन्हा चिखल पुसायला लागला. बा जे बोलायचा ते करायचा, ते पोतं पावणेदोन वर्षं खुंटीला होतं हे त्याचंच उदाहरण. तोवर माझ्या डोक्यात रशिया होता, मासिक होतं, गावाला दाखवून देण्याची खुमखुमी होती. आता एकच गोष्ट उरली. ते पोतं मला पुन्हा खुंटीवर पाहायचं नव्हतं.

मी मासिकातल्यासारखं कागदी रॉकेट करायला घेतलं. वर्तमानपत्र गुंडाळायला गोल, सरळ काहीतरी हवं होतं, ते चुलीपाशी सापडलं. मायची लोखंडी फुंकणी. तिच्यावर ज्वारीच्या पिठाची खळ लावून कागदाचे थरावर थर चढवले आणि वाळत ठेवले. माय दोन्ही वेळा चुलीत वाकून तोंडानं फुंकत होती आणि माझ्या नावानं खडे फोडत होती. "जगातली पोरं मायची सोय पाह्यतात, माह्यं पोट्टं फुंकणी उडवून राह्यलं." पंख केले ते माझ्या पहिल्या बुटांच्या खोक्यातून. ते खोकं मायनं जपून ठेवलं होतं, त्यामुळे तिथेही बोलणी खाल्ली. चाचांचे नळे ओलावू नयेत म्हणून तिनंच ते ज्वारीच्या कोठीत पुरले आणि बाला सक्त ताकीद दिली की बिडी ओढायची तर नाल्यापलीकडे. बा रोज नाल्यापलीकडे जायचा आणि परत येताना एखादं लाकूड घेऊन यायचा.

कागदी नळी वाळल्यावर मी ती बाच्या एका हातात दिली आणि दुसऱ्या हातात त्याचं आंब्याचं रॉकेट. तो दोन्ही हात खालीवर करत राहिला. एवढं हलकं काही त्यानं कधी घडवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पांगाऱ्याची फांदी घेऊन आला आणि त्या मऊ लाकडाचं नाक कोरायला बसला. पहिली दोन फुटली. शिव्या मी शिकलो त्या कोणाकडून हे त्या दिवशी शेजाऱ्यांना कळलं.

चाकांवर बरीच ओढाताण झाली. बहीण अडून बसली होती, चाकं नसतील तर ती येणारच नाही. शेवटी तोड निघाली. चाकं रॉकेटला नाहीत, गाड्याला. बानं सुरेख गाडा केला, त्याच सागवानी चाकांचा. मध्यात माझ्या मोडक्या छत्रीची दांडी उभी ठोकली आणि रॉकेटच्या अंगाला दोन कड्या लावून ते दांडीत ओवलं. पोरांनी गाडा ओढत न्यायचा आणि रॉकेटनं दांडीवरून वर जायचं. बहिणीनं चाकं फिरवून पाहिली आणि परवानगी दिली.

उरली मान. इथे मी जराही मागे हटलो नाही. नाक नाकासमोर पाहिजे, बस्स.

"मेल्यावानी दिसते," बा म्हणाला.

"दिसू दे. हे जनावर नाई."

"मंग काय हाय?"

मी पटाशी त्याच्या हातात दिली. बानं नाक सरळ केलं, पण गाल फुगवून. येता-जाता ते हातात घ्यायचा, वळवून पाहायचा आणि पुटपुटत खाली ठेवायचा. मी घरी नसताना तो ते वाकडं तर करणार नाही ना, या भीतीनं मी हिंगणघाटला जाताना नाक खिशात घालून नेत असे. शाळेत खडू काढायला खिशात हात घातला की नाक हाताला लागायचं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून उघाड पडली. पोरं अंघोळी करून, तेल लावून हजर. गाड्याच्या दोरीला कोणी हात लावायचा यावरून मारामारी, मग सगळ्यांनीच लावला. रॉकेटला मी निळा रंग दिला होता. गाडा चिखलातून डुलत निघाला आणि पोरं ओरडत, नाचत पुढे. घरोघरच्या बायका सवयीनं दारात आल्या आणि उभ्याच राहिल्या. ताट नाही, कुंकू नाही, आता या पाहुण्याचं करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. एकीनं पोरांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, तसा मग बाकीच्यांनाही धीर आला. बोजारा सुरू झाला.

आमच्या दारात गाडा आला आणि माय तांब्याभर पाणी घेऊन लगबगीनं बाहेर आली. बैलाचे पाय धुवायचे ना! ती गाड्याच्या चाकांवर पाणी घालायला वाकली आणि माझी किंकाळी निघाली. "माय, पाणी नको! भिजन ते!" ती दचकून थांबली. तांब्या हातात तसाच. सगळी वस्ती पाहत होती. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो तांब्या शेजारी उभ्या असलेल्या बाच्या हातात दिला. "प्या," म्हणाली. "सकाळपासून काही पोटात नाई तुमच्या." बानं उभ्या उभ्या सगळा तांब्या रिकामा केला.

पडीक जागेत वस्ती जमली. पलीकडे गावाच्या अंगाला देवळापाशी तान्हा पोळा भरला होता. तिथून आमच्याकडचं सगळं दिसत होतं आणि तिथली माणसं पाहतही होती. काकांना पुढे खाट टाकून दिली होती. मी पोरांना बांधावर बसवलं, पऱ्हाटी पेटवली, वातीला लावली आणि मागे पळालो.

वात जळाली. धूर आला. आणि काहीच झालं नाही.

बांधावरची पोरं माना उंच करून पाहू लागली. गावाकडून कोणीतरी शीळ घातली. मी बाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात काखेत होते, थंडी वाजल्यासारखे. माझा संताप मस्तकात गेला. ज्वारीच्या कोठीवर, पावसावर, चाचांवर, स्वतःवर. मी तरातरा गाड्याकडे निघालो तेवढ्यात बानं माझा सदरा मागून धरला.

"थांब."

"सोड, मी पाह्यतो..."

"थांब म्हणतो ना!"

आणि ते गेलं. एक मोठा फुत्कार झाला, गाडा थरथरला आणि निळं रॉकेट छत्रीच्या दांडीवरून सुटून सरळ वर. बाभळीच्या वर, चिंचेच्या वर, मागे पांढऱ्या धुराचा दोर सोडत. आमची सगळ्यांची तोंडं उघडी. पार वर गेल्यावर त्याला वारा लागला आणि त्यानं एका अंगाला मान वळवली. थोडीशीच. कोणीतरी मागून हाक मारल्यासारखी.

"वळवली!" बा ओरडला. असा ओरडला की काकांच्या हातातली काठी पडली. "पाह्य! पाह्य मास्तर! वळवली का नाई मान? जित्तं हाय ते!"

शेपटीच्या पंखांना वारा लागला की रॉकेट वाऱ्याकडे तोंड करतं. हे मी पुढे वर्गात कित्येकदा शिकवलं. त्या वेळी मी रडत होतो, मला काही शिकवायचं नव्हतं.

रॉकेट वाऱ्याच्या अंगानं गेलं आणि गावाकडे, बरोबर तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत पडलं. आमची पोरं जागीच थांबली. तिथे जाऊन मागायचं कोणी? मी सदरा नीट करून निघणार, तेवढ्यात तिकडून पोरंच धावत येताना दिसली. पुढचा एकजण रॉकेट डोक्यावर धरून, मागचे ते हिसकावायला पाहत. आणि सगळ्यांच्या हातात आपापल्या बैलाची दोरी. घाईत ती सोडायची कोणाला सुचलीच नव्हती. चिखलातून, बांधावरून, आडवे होत, उलटे होत, लाकडी बैल फरफटत मागून येत होते. मान वळवलेले बैल. बाचे.

बानं ते दोन वर्षांत पाहिले नव्हते. तो एकेकाकडे पाहत राहिला. हा कोणाच्या घरचा, तो कोणत्या सालचा, त्याला सगळं कळत असणार. रॉकेट पुन्हा उडवा म्हणून गावातली पोरं माझ्या अंगाला झोंबत होती. त्यांतला एक मात्र भोकाड पसरून रडत होता, त्याच्या बैलाचं चाक धावण्यात कुठेतरी पडलं होतं. तो बैल घेऊन थेट बापुढे आला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. बैल मोडला की कोणाकडे न्यायचा हे गावातल्या पोरांना पाठ होतं.

बानं बैल हातात घेतला आणि मग त्याच्या लक्षात आलं, हा तर पूजेचा बैल. त्यानं काकांकडे पाहिलं. सगळ्या वस्तीनं काकांकडे पाहिलं.

काकांनी आधी आपली काठी उचलली. मग विचारलं, "पोट्ट्या, तू याची पूजा करतं का याच्याशी खेळतं?"

पोरगं हुंदके देत म्हणालं, "खेळतो."

"मंग बसवून द्या त्याले चाक. खेळणं मोडलं त पोट्टं रडतेच."

बानं आमच्या गाड्याचं एक चाक काढलं आणि त्या बैलाला बसवलं. वाकस आणायला बहीण घरी पळाली होती. मला त्याचे हात दिसत होते. किती सावकाश चालले होते ते, जणू ते काम संपू नये. "मी देव नाई बनवत आता," तो त्या पोराला म्हणाला, "खेळणे बनवतो. तुह्या घरी सांगजो." पोरानं मान डोलावली, बैल ओढून पाहिला आणि रडणं विसरून रॉकेटकडे पळाला.

संध्याकाळी गाडा एका चाकानं लंगडत घरी आला. बानं हत्यारं पुसून ओट्यावर उन्हाच्या कडेला मांडून ठेवली. मायनं फुंकणी परत मिळाल्याच्या आनंदात गोडाचं केलं होतं. जेवताना बा आपल्याच नादात हसत होता. मग ताट बाजूला सारून गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, पुढच्या वर्षी नाकाची मान आधीच थोडी वळवून ठेवू. नाई त वर जाऊन वळवाचीच हाय ना त्याले?"

मी विज्ञानाचा मास्तर. वाऱ्याचं सगळं तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, "ठेव बा."